जर्मन प्रादेशिक दैनिकातला संपादक: घडतो कसा, करतो काय, अडतो कुठे

दौतटाक

जर्मनीतल्या नोकऱ्यांबद्दल इथे सॉफ्टवेअर, वाहन उद्योग, नर्सिंग, पीएचडी असं सगळं लिहून झालंय. वृत्तपत्र तेवढं राहून गेलं. देशभर जाणारी मोठी पत्रं या धाग्यात नकोत. जिल्ह्याच्या गावात सकाळी नाश्त्याच्या टेबलावर जे पडतं, त्या प्रादेशिक दैनिकाबद्दल लिहूया. अशी दैनिकं तिथे आजही शेकड्यांनी आहेत, आणि गावच्या नगरपालिकेत काय ठरलं हे सांगणारं दुसरं कोणी बहुतेक ठिकाणी नसतं.

शिरकाव कसा होतो, पायऱ्या कोणत्या, कायद्याची जबाबदारी कोणावर, पगार-पेन्शन कसं, आणि पुढे या धंद्याचं काय होणार? माहीतगारांनी तपशिलात लिहावं. लांब झालं तरी चालेल.

नेकरकाठ

आधी शब्दाचं बघू, कारण मराठीत फसगत तिथेच होते. जर्मन ‘रेडाक्ट्योर’ला कोशात ‘संपादक’ हा प्रतिशब्द मिळतो. आपल्याकडे संपादक म्हटलं की पेपरचा एकच कर्ताधर्ता डोळ्यांसमोर येतो. तिथे एका मोठ्या प्रादेशिक दैनिकात शंभर-दीडशे रेडाक्ट्योर असू शकतात. प्रशिक्षण संपवून पगारी नेमणूक झाली की माणूस रेडाक्ट्योर झाला. तो हुद्दा नाही, ते कसब आहे.

आपला बातमीदार आणि आपला उपसंपादक, दोघं मिळून एक रेडाक्ट्योर होतो. संध्याकाळी सभेला तोच बसतो, बातमी तोच लिहितो, दुसऱ्याची बातमी तपासतो, मथळा देतो, फोटो निवडतो आणि पानही लावतो. अलीकडे मोठ्या घरांमध्ये ‘लिहिणारे’ आणि ‘डेस्कवरचे’ अशी विभागणी झाली आहे, पण छोट्या गावच्या कचेरीत अजून सगळं एकाच्याच अंगावर असतं.

वरच्या पायऱ्या अशा. विभागाचा प्रमुख, म्हणजे क्रीडा, संस्कृती, अर्थ किंवा एखाद्या तालुक्याच्या आवृत्तीचा. त्यानंतर ‘शेफ फॉम डीन्स्ट’: पानांची आखणी, वेळापत्रक, छपाईला पान वेळेत सोडणं हे त्याच्याकडे. मग उपमुख्य, आणि सर्वांत वर शेफरेडाक्ट्योर. आपण ज्याला संपादक म्हणतो तो हा.

आणखी एक शब्द लागेल: ‘मांटेल’, म्हणजे अंगरखा. देश, जग, अर्थकारण यांची बाहेरची पानं सगळ्या आवृत्त्यांना सारखी, तो मांटेल. आतला स्थानिक भाग गावागणिक बदलतो. वाचक वर्गणी भरतो ती या आतल्या भागासाठी.

टंकलेखा

शिरकावाबद्दल.

कायद्याने कुठलीही पदवी, परीक्षा वा नोंदणी लागत नाही. ‘पत्रकार’ ही संज्ञाच तिथे संरक्षित नाही. संविधानाच्या पाचव्या कलमातल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी ते जोडलेलं आहे. (याला इतिहासातलं एक काळं कारण आहे. मध्यरात्र यांनी त्यावर लिहावं ही विनंती.)

व्यवहारात मात्र वाट ठरलेली आहे. शाळेत किंवा विद्यापीठात असतानाच गावच्या कचेरीसाठी फुटकळ बातम्या लिहायच्या. या कामाला ओळींवर मानधन मिळतं, त्याचा दर किरकोळ असतो, पण नाव तिथेच होतं. मग काही आठवड्यांची उमेदवारी, ‘प्राक्टिकुम’. आणि नंतर खरा दरवाजा, ‘व्होलोंटारिआट’, म्हणजे पगारी प्रशिक्षण. दैनिकांच्या सामूहिक करारानुसार हे २४ महिन्यांचं असतं. पदवी वा आधीचा अनुभव असेल तर कमी करता येतं. या जागांवर येणारे बहुतेक जण पदवीधर असतात, विषय काहीही चालतो. कायदा किंवा अर्थशास्त्र शिकलेल्याला उलट भाव असतो, कारण अंदाजपत्रक वाचता येणारा माणूस कचेरीला हवाच असतो.

दोन वेगळ्या वाटाही आहेत. डॉर्टमुंडच्या विद्यापीठात १९७६ पासून पत्रकारितेचा अभ्यासक्रम आहे, त्यात व्होलोंटारिआट पदवीतच गुंफलेलं आहे. म्युनिकची जर्मन पत्रकारिता शाळा १९४९ ची. तिथली प्रवेशपरीक्षा अवघड म्हणून प्रसिद्ध आहे. प्रादेशिक दैनिकात जायचं तर थेट व्होलोंटारिआट पुरेसं आहे.

करारावर सही करण्याआधी हे विचारून घ्या. प्रशिक्षणाचा आराखडा लेखी आहे का आणि कोणत्या विभागात किती आठवडे? मार्गदर्शक कोण, आणि ती व्यक्ती त्याच कचेरीत बसते का? बाहेरचे अभ्यासवर्ग करारात असतात. त्यांची फी आणि प्रवासखर्च कोण देणार? चूक होते ती इथेच. आराखडा नसेल तर प्रशिक्षणार्थीला रजेवरच्या माणसाच्या जागी बसवलं जातं आणि दोन वर्षं एकाच तालुक्याच्या पानावर निघून जातात. पुढे कायम करण्याची हमी करारात सहसा नसते, हेही ध्यानात ठेवा.

अनवट

स्थानिक पानावर दोन वर्षं गेली तर त्यात वाईट काय? पण मुळात त्या पानावर असतं तरी काय? ससे पाळणाऱ्या मंडळाची वार्षिक सभा आणि लग्नाची पन्नाशी, एवढंच ऐकून आहे.

नेकरकाठ

अनवट, मंडळाची सभा असतेच, आणि ती नीट लिहायलाही शिकावं लागतं. पण कणा आहे नगरपरिषदेचं कामकाज. त्याचं एकच उदाहरण सविस्तर देतो, म्हणजे या कामाला काय लागतं ते कळेल.

समजा गावाबाहेरच्या शेतात घरं बांधायची आहेत. त्यासाठी ‘बेबाउउंग्सप्लान’, म्हणजे त्या तुकड्याचा बांधकाम आराखडा लागतो. परिषद आधी फक्त आराखडा करायला घ्यायचा ठराव करते. मग लोकांचं आणि सरकारी खात्यांचं पहिलं म्हणणं ऐकलं जातं. मसुदा तयार झाला की तो महिनाभर, कमीत कमी ३० दिवस, लोकांसाठी खुला ठेवावा लागतो. आलेल्या प्रत्येक हरकतीचा विचार करून तिचं काय केलं ते नोंदवावं लागतं. आणि सगळ्यात शेवटी आराखडा नियम म्हणून मंजूर होतो.

नवखा माणूस पहिल्याच ठरावाला ‘नव्या वसाहतीला मंजुरी’ असा मथळा देतो. दुसऱ्या दिवशी शेजारचे लोक समजतात, संपलं, आता बोलून उपयोग नाही. हरकतीची मुदत पुढे असूनही ती हातची जाते. मथळ्यातल्या एका शब्दाने माणसाचा हक्क बुडाला. म्हणून कोणता ठराव झाला, पुढची पायरी कोणती, हरकत कुठे आणि कधीपर्यंत द्यायची, या तीन गोष्टी बातमीत आल्याच पाहिजेत.

सभेला जाण्याआधी विषयपत्रिका आणि प्रत्येक विषयाची टिपणी वाचायची. बहुतेक गावं ती संकेतस्थळावर ठेवतात. ज्या विषयावर मतदान होईल त्याचे बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती, हे तिथल्या तिथे टिपायचं. इतिवृत्त यायला आठवडे लागतात, त्यामुळे ‘नंतर विचारू’ हे चालत नाही. दाराआडच्या बैठकीतल्या विषयांची यादीही मागावी. तिथे झालेले निर्णय नंतर जाहीर करायचे असतात, ते झाले की नाही हे पुढच्या सभेत बघायचं.

कोर्टाच्या बातमीतही हेच. तपास चालू असताना माणूस ‘बेशुल्डिग्टर’, आरोपपत्र दाखल झालं की ‘आंगेशुल्डिग्टर’, आणि कोर्टाने खटला चालवायला घेतला की ‘आंगेक्लाग्टर’. मराठीत आपण तिघांनाही ‘आरोपी’ म्हणून मोकळे होतो. तिथे चुकीचा शब्द पडला तर वकिलाचं पत्र येतं.

ह्रस्वदीर्घ

यात फोटोओळींची भर घालू द्या, कारण स्थानिक पानावर सर्वांत जास्त तक्रारी त्यांच्याबद्दल येतात.

मंडळाचा सत्काराचा फोटो आहे, नऊ जण उभे आहेत. ओळ येते ‘डावीकडून’, आणि नावं आठच. मग चौथ्यापासून पुढे प्रत्येकाला दुसऱ्याचं नाव. म्हणून क्रम असा: आधी डोकी मोजा, मग नावं मोजा, दोन्ही आकडे जुळल्याशिवाय पान सोडू नका. नावं जागेवरच, डावीकडून उजवीकडे, अक्षरं विचारून लिहून घ्यायची. माय्यर हे आडनाव कानाला एकच, पण लिहिताना त्याची निदान चार वळणं होतात: ए की ई, आय की वाय. ‘कसं लिहिता?’ असं विचारण्यात कमीपणा नाही. नाव आणि आडनाव दोन्ही हवं, नुसतं आडनाव त्या पानावर चालत नाही. वार आणि तारीख दोन्ही दिली असेल तर कॅलेंडर उघडून ताडून पाहायची. गावजत्रेची जाहिरातवजा चार ओळींची बातमी असली तरी तारीख चुकली की तीनशे माणसं रिकाम्या मैदानावर जातात.

लहान मुलांच्या फोटोला पालकांची संमती. मोठ्यांच्याही फोटोला संमती लागतेच. तो नियम १९०७ च्या कायद्यातला आहे. सार्वजनिक कार्यक्रम, मिरवणूक, गर्दी यांना अपवाद आहे, पण गर्दीतून एकाच चेहऱ्याचं मोठं चित्र काढलं की अपवाद उरत नाही.

रुहरवासी

जबाबदारीचं मी लिहितो.

प्रत्येक अंकात ‘इम्प्रेसुम’ नावाची चौकट असते: प्रकाशक, मुद्रक, आणि कोणत्या विभागाला कायद्याने कोण जबाबदार. आपल्या पेपरच्या तळाशी बारीक अक्षरात ‘पीआरबी कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीस जबाबदार’ अशी ओळ वर्षानुवर्षं छापली गेली, तिचंच हे जर्मन भावंड. फरक इतकाच की तिथे वृत्तपत्र कायदा राज्यांचा आहे, त्यामुळे बव्हेरियाचा वेगळा, हेसनचा वेगळा. जबाबदार रेडाक्ट्योरसाठी बऱ्याच राज्यांत अटी आहेत: वय किमान २१, संपूर्ण कायदेशीर पात्रता, आणि ज्याच्यावर फौजदारी खटला विनाअडथळा भरता येईल असाच माणूस. संसदीय संरक्षण असलेल्या खासदाराचं नाव तिथे टाकून पेपरला सुरक्षित करता येऊ नये, हा शेवटच्या अटीचा हेतू.

आता ‘गेगेनडारश्टेलुंग’, म्हणजे प्रतिनिवेदन. बातमीत ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला आपली बाजू छापून घेण्याचा हक्क आहे. मागणी लेखी हवी, संबंधित व्यक्तीची सही हवी, उशीर न करता आणि जास्तीत जास्त तीन महिन्यांत पोचायला हवी. ती फक्त तथ्यांबद्दल असू शकते. मताला प्रतिनिवेदन नाही. लांबी मूळ मजकुराएवढी असेल तर ती योग्य धरतात. मग पेपरने काय करायचं? छपाईला अजून न गेलेल्या पुढच्या अंकात, त्याच भागात, त्याच आकाराच्या अक्षरात, एक शब्द न गाळता, न घालता, फुकट छापायचं. वाचकांच्या पत्रांत ढकलायचं नाही.

अनवट

म्हणजे तो खोटं बोलत असला तरी छापायचं? हे पटत नाही.

रुहरवासी

हो, उघड उघड खोटं नसेल तर छापायचंच. खरं-खोटं ठरवायला वेळ लागतो, आणि तोवर वाचकासमोर एकच बाजू राहते. ती विषमता मोडायला हा हक्क आहे. पेपरला खाली आपली टिपणी जोडता येते, तीही फक्त तथ्यांची: ‘आमच्याकडे अमुक कागद आहे’ असं चालतं, ‘हे गृहस्थ विश्वासार्ह नाहीत’ असं चालत नाही.

चूक खरंच आपली असेल तर ही वेळ येऊ देऊ नये. आपणहून दुरुस्ती छापावी. प्रेस कौन्सिल, म्हणजे वृत्तपत्रांची स्वतःवर नजर ठेवणारी संस्था, तिच्या आचारसंहितेतल्या तिसऱ्या कलमाचंही तेच म्हणणं आहे. फोनवर ‘बघतो, करतो’ म्हणून आठवडा घालवला की पुढचं पत्र वकिलाचं येतं, त्यानंतर कोर्टाचा तातडीचा हुकूम, आणि खर्च पेपरच्या माथी.

संशयावरून लिहायचं तर चार गोष्टी लागतात. विषयात लोकांचं हित हवं, किमान पुरावा हवा, भाषेत निकाल दिलेला नको, आणि ज्याच्यावर संशय आहे त्याला छापण्याआधी विचारलेलं हवं. विचारणं म्हणजे संध्याकाळी साडेसातला एक मिस्ड कॉल नव्हे. नेमके प्रश्न लेखी पाठवा, उत्तराला पुरेशी मुदत द्या, आणि उत्तर आलं तर त्याचा गाभा बातमीत घ्या. ही चौथी पायरी घाईत गळते, आणि कोर्टात पेपर तिच्यावरच हरतात.

मध्यरात्र

टंकलेखा यांनी हाक मारली म्हणून.

४ ऑक्टोबर १९३३ रोजी नाझी राजवटीने ‘श्रिफ्टलायटर’ कायदा केला. श्रिफ्टलायटर हा रेडाक्ट्योरला दिलेला जर्मन मुळाचा शब्द. १ जानेवारी १९३४ पासून सरकारी यादीत नाव असल्याशिवाय कोणालाही संपादकीय काम करता येईना. यादीत जायला ‘आर्य’ वंशाचा दाखला लागे, आणि जोडीदारही ‘आर्येतर’ चालत नसे. ज्यू आणि विरोधी विचारांचे पत्रकार एका फटक्यात धंद्याबाहेर गेले. युद्धानंतर पुन्हा कधी अशी यादी, अशी परीक्षा नको, हे ठाम ठरलं. आज पत्रकाराला परवाना लागत नाही त्याच्या मुळाशी हे आहे. ‘पदवीची सक्ती का नाही?’ असा प्रश्न आला की हे उत्तर सांगावं.

१९४५ नंतर दोस्त राष्ट्रांनी परवाने व्यक्तींना दिले, आधी तपासून. आखेनच्या पेपरचा पहिला अंक जानेवारी १९४५ मध्येच निघाला, युद्ध चालू असताना. १९४९ मध्ये परवानापद्धत उठली आणि जुने प्रकाशकही परत आले. १९५४ मध्ये पश्चिम जर्मनीत स्वतंत्र पूर्ण संपादकीय विभाग असलेली २२५ दैनिकं मोजली गेली, १९७६ मध्ये ती १२१ उरली. म्हणजे घसरण इंटरनेटपासून सुरू झाली असं म्हणणं चूक आहे.

पूर्व जर्मनीतली कारकीर्द पूर्ण वेगळी. प्रत्येक जिल्ह्याचं दैनिक सत्ताधारी पक्षाचं, आणि शिक्षण लाइपझिगच्या विद्यापीठात. त्याचं एक ठळक उदाहरण झेर्गेई लोखटहोफेन. जन्म १९५३, सोव्हिएत संघातल्या व्होर्कुटाचा, शिक्षण लाइपझिगला, नोकरी एरफुर्टच्या ‘डास फोल्क’ या पक्षाच्या दैनिकात. जानेवारी १९९० मध्ये संपादकीय कर्मचाऱ्यांनी पक्षाशी नातं तोडलं, पेपर ‘थ्युरिंगर आल्गेमाइने’ झाला, आणि त्यांनी लोखटहोफेन यांना मुख्य संपादक म्हणून स्वतः निवडून दिलं. २००९ पर्यंत ते त्या खुर्चीवर होते. कर्मचाऱ्यांनी निवडलेला संपादक ही त्या वर्षातली गोष्ट. एरवी ही नेमणूक प्रकाशक करतो, आणि वृत्तपत्राची दिशा ठरवण्याच्या त्याच्या हक्काला कामगार कायद्यातही खास संरक्षण आहे. तिथल्या कर्मचारी परिषदेचे अधिकार त्यामुळे कारखान्यापेक्षा कमी असतात.

टंकलेखा

पगाराचे आकडे दर कराराला बदलतात म्हणून देत नाही, रचना सांगते. प्रकाशकांची संघटना आणि दोन पत्रकार संघटना यांच्यात सामूहिक करार होतो. पगार व्यवसायातल्या वर्षांवर चढतो. आठवडा ३६.५ तासांचा. पेन्शनला पगाराच्या ७.५ टक्के, त्यातले ५ मालकाचे आणि २.५ स्वतःचे. पण अनेक प्रकाशनगृहं करारातून बाहेर पडली आहेत, किंवा स्थानिक कचेऱ्या वेगळ्या कंपनीत टाकून त्या कंपनीला करार लागू होऊ देत नाहीत. म्हणून नेमणूकपत्रावर पेपरचं नाव न पाहता कंपनीचं नाव पाहा आणि ‘करार लागू आहे का’ हे सरळ विचारा.

मुक्त पत्रकारांसाठी कलाकार-लेखकांची सामाजिक विमा योजना आहे, १९८३ पासून. आरोग्यविमा आणि पेन्शनचा निम्मा हप्ता ती उचलते. त्यासाठी वर्षाला सर्वसाधारणपणे ३,९०० युरोंहून जास्त कमाई दाखवावी लागते. नवख्यांना काही वर्षं सूट असते. बरेच जण नोंदणी उशिरा करतात आणि तोवर पूर्ण हप्ता खिशातून भरतात.

दौतटाक

उत्तम चाललंय. पुढे काय होणार यावर कोणी लिहील का? आणि जर्मन मातृभाषा नसलेल्याला दार उघडं आहे का?

रुहरवासी

डॉर्टमुंडचा दाखला बघा. ‘वेस्टफेलिशे रुंडशाउ’ने फेब्रुवारी २०१३ पासून आपला अख्खा संपादकीय विभाग बंद केला. सुमारे १२० रेडाक्ट्योर गेले, मुक्त पत्रकार वेगळेच. पेपर मात्र निघत राहिला. शहराची पानं प्रतिस्पर्धी पेपरकडून विकत घेतली जाऊ लागली. म्हणजे स्टँडवर नावं दोन, शहराची बातमी एक. हे मला फार लागतं, कारण नगरपरिषदेत बसणारी दुसरी जोडी डोळ्यांची गेली, आणि वाचकाला ते नावावरून कळतही नाही.

मांटेलचंही तेच झालं. हानोफरच्या माडझाक समूहाने २०१३ मध्ये एक मध्यवर्ती संपादकीय जाळं उभं केलं; देशाची आणि जगाची पानं तिथून कितीतरी पेपरांना जातात. फुंके समूहाचं तसंच केंद्र बर्लिनमध्ये आहे. म्हणून प्रादेशिक दैनिकात परराष्ट्र विभागाचं स्वप्न घेऊन जाऊ नये. उरलंय ते स्थानिक, आणि डिजिटल वर्गणी ज्यावर विकली जाते तेही स्थानिकच.

नेकरकाठ

भाषेबद्दल. कायद्याने बंदी नाही, पण भाषा मातृभाषेच्या तोडीची हवी, कारण तिथे आपणच दुसऱ्याचं जर्मन दुरुस्त करायचं असतं. प्रमाणपत्रातला सी-२, म्हणजे भाषापरीक्षेची सर्वांत वरची पातळी, हा नुसता उंबरठा समजा. शिवाय गावची बोली: श्वाबेनमध्ये शेतकऱ्याचं म्हणणं कळलं नाही तर बातमी अर्धी राहते. तिथे वाढलेल्या मराठी मुलांना ही अडचण नाही.

बाहेरून आलेल्या माणसाला एक कलम पाठ असावं: संहितेचं १२.१. गुन्ह्याच्या बातमीत संशयिताचं राष्ट्रीयत्व वा वंश सरसकट द्यायचा नाही. २०१७ पासूनचा निकष आहे ‘सार्थ सार्वजनिक हित’. ड्रेस्डेनच्या ‘झेक्सिशे त्साइटुंग’ने २०१६ मध्ये उलट वाट धरली: प्रत्येक वेळी राष्ट्रीयत्व द्यायचं, संशयित जर्मन असला तरी. दोन्ही बाजूंना विचारी माणसं आहेत. माझ्या मते संहितेची बाजू बरोबर, कारण रोज छापलेला शब्द हळूहळू कारण वाटू लागतो.

ह्रस्वदीर्घ

अर्ज करण्याआधीचं एक काम. त्या पेपरचा इम्प्रेसुम काढा आणि तुमच्या तालुक्याच्या कचेरीत किती नावं आहेत ती मोजा. मग आठवडाभराचे अंक घ्या आणि स्थानिक पानांवरच्या बातम्यांखालची आद्याक्षरं पेन्सिलीने खुणवा. इम्प्रेसुममधल्या नावांची किती, बाहेरच्यांची किती, आणि पोलिसांचं वा नगरपालिकेचं पत्रक जसंच्या तसं किती? सहा अंकांत नगरपरिषदेची एकही बातमी कचेरीतल्या माणसाच्या आद्याक्षरांनी नसेल, तर तिथे शिकवायला कोणी उरलेलं नाही. शेजारच्या तालुक्याचा पेपर बघा.